धाकटीची उजवी बाजू

१

मला पक्ष्यांचं काडीइतकंही प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत उठायचं, ओल्या गवतात बूट भिजवायचे आणि कुठल्याशा मुठीएवढ्या जिवासाठी मान मोडेस्तोवर वर बघत राहायचं, याला मी रिकामटेकडेपणा म्हणते. तरी थंडीच्या तोंडाशी, उत्तरेकडचे पाहुणे दक्षिणेला निघाले की, दर रविवारी मी तळ्यावर जाते. कारण धाकटी जाते.

धाकटी म्हणजे माझी बहीण. दिवसभर औषधाच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावत बसते आणि रविवारी पक्षी. लहानपणी तिला गालगुंड झालं होतं. ताप उतरला, पण जाताना उजवा कान घेऊन गेला. डावा शाबूत, नुसता शाबूत नाही, भलताच तिखट. पाखराचा नुसता 'च्' ऐकून ती त्याचं नाव, गाव, वय सांगेल. पण आवाज कुठून आला हे कळायला माणसाला दोन कान लागतात. एका कानाला आवाज कणभर आधी पोचतो, दुसऱ्याला कणभर उशिरा, त्यावरून डोकं दिशा ठरवतं. हे मी उगाच नाही सांगत, माझा धंदाच तो आहे. मी लोकांचे कान तपासते, यंत्रं बसवून देते, आणि वर त्यांच्या सुनांची गाऱ्हाणीही ऐकते. धाकटीला सगळं ऐकू येतं, फक्त कुठून ते कळत नाही. रस्त्यात हॉर्न वाजला की ती जागच्या जागी गोल फिरते, नेमकी गाडीसमोर.

आईनं मला जन्मात एकच काम नेमून दिलं. "तिच्या उजव्या बाजूला तू चालायचं." आई गेली, काम राहिलं. घरात आता आम्ही दोघीच. मला कुणी विचारलं की तुझं कोण आहे, तर हीच आहे. दुसरं कुणी नाही.

आमच्या गटाची म्होरकी धाकटीच. एका कानाची बाई पक्षी दाखवायला नेते म्हटल्यावर लोक हसतील, म्हणून तिनं एक रीत पाडली. चालता चालता तिला काही ऐकू आलं की ती हात वर करते. सगळे थांबतात, डोळे मिटतात, कान देतात आणि आवाज जिकडून येतो तिकडे बोट दाखवतात. डोळे मिटायचे, कारण उघडे असले की माणूस शेजाऱ्याचं बघून बोट दाखवतो. धाकटी तेवढी डोळे उघडे ठेवते. सगळ्यांची बोटं जिथं जुळतात तिथं दुर्बीण लावते आणि पक्षी तिथंच असतो. "माझा दुसरा कान म्हणजे तुम्ही सगळे," असं ती म्हणते, आणि पैलवान लाजतो.

पैलवानाची व्यायामशाळा आहे. देह दाराएवढा, आवाज मांजराच्या पिलाएवढा. त्याच्याखेरीज पोस्टमास्तर, पेन्शनीत निघालेले, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेले. मग बेकरीवाला आणि त्याची बायको, जिला आम्ही बेकरीवहिनी म्हणतो. त्यांच्या पिशवीतल्या गरम पावांसाठी निम्मी मंडळी येतात, असा माझा आरोप आहे. बाकी चार-पाच येणारे-जाणारे.

२

त्या रविवारी तळ्यावर धुकं होतं, पण फार नाही. बांधाच्या दोन्ही अंगांना लव्हाळ्याची दाटी, पलीकडे पाणी, आणि टोकाला बंद पडलेलं पंपघर. धोबी पक्षी शेपट्या हलवत चिखलात फिरत होते, थापट्या बदकं चोची बुडवून पाणी चाळत होती. धाकटीनं हात वर केला.

मी डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग आला. बारीक, दोन सुरांचा, पहिला जरा लांब आणि दुसरा लगेच तुटलेला. काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवलं की निघतो तसा. मी बोट दाखवलं आणि डोळे उघडले.

प्रत्येकाचं बोट वेगळीकडे. पोस्टमास्तरांचं पाण्यावर, बेकरीवाल्याचं आभाळात, त्याच्या बायकोचं मागच्या वाटेकडे, पैलवानाचं थेट जमिनीत. माझं पंपघराकडे. गावात चोर शिरल्यावर साक्षीदार दाखवतात तशी तऱ्हा.

"काय हो, बिळात पक्षी?" पोस्टमास्तरांनी पैलवानाला चिमटा काढला.

"मला तिथूनच आला," पैलवान पुटपुटला. "पायाखालून."

सगळे हसले. मी त्यांना समजावलं की धुकं, पाणी आणि पंपघराची भिंत यांत आवाज चेंडूसारखा टप्पे खातो. ते पटलं. मलाही पटलं. पण धाकटी हसली नाही. तिचे गाल लाल झाले होते.

"ताई, हा कोण ते मला माहीत नाही."

"मग काय झालं? जगातले सगळे पक्षी तुला विचारून ओरडतात का?"

"इकडून जाणारा प्रत्येक जण मला माहीत आहे गं. हा नाही." तिला आनंद झाला होता, लहान मुलाला नवी वस्तू मिळाल्यावर होतो तसा. मलाही बरं वाटलं. दुकान आणि घर, घर आणि दुकान, यात तिला असं काही रोज थोडंच मिळतं?

परत येताना मी नेहमीसारखी तिच्या उजवीकडे होते. अर्ध्या वाटेवर तिनं मान माझ्याकडे वळवली.

"काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. आणि म्हणाले असते तरी त्या बाजूनं काही आलं तर धाकटी कधी मान वळवत नाही. मी तिची बाही ओढते, मग ती बघते. जन्मभर असंच चाललंय.

"काही नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढे चालताना दोनदा तिकडे बघून हसली. माझ्याकडे नव्हे. माझ्या आणि तिच्या मधे.

३

पुढच्या रविवारी पोस्टमास्तर बांधावर पोचायच्या आधीच बोलायला लागले. त्यांच्या मते ते पाणकोंबडीचं आजारी पिल्लू असणार. बेकरीवहिनींच्या मते लव्हाळ्यात अडकलेली रिकामी बाटली, वारा शिरला की वाजणारी. मला बाटली आवडली. बाटलीला मी दहापैकी दहा गुण दिले.

धाकटीनं हात वर केला तेव्हा आम्ही बांधाच्या मधोमध ओळीनं उभे होतो. धाकटी आणि मी मधे, निम्मे पुढे, निम्मे मागे. आवाज आला. या वेळी कसली शंकाच नव्हती. स्पष्ट, जवळ, अगदी हाताच्या अंतरावर. मी बोट दाखवलं, आणि माझ्या बोटाला लोकर लागली.

डोळे उघडले. माझं बोट धाकटीच्या स्वेटरला टेकलं होतं. पुढच्यांनी मागे वळून बोटं दाखवली होती, मागच्यांनी पुढे. सगळीच्या सगळी धाकटीवर.

"अगं बाई," बेकरीवहिनी हसायला लागल्या. "खिशात घालून आणलात की काय पक्षी?"

"फोन असेल," बेकरीवाला म्हणाला. "मॅडम, फोन बघा."

धाकटीनं खिसे उलटे केले. रुमाल, किल्ल्या, गोळ्यांची एक रिकामी पट्टी. फोन तर ती तळ्यावर कधी आणतच नाही. पोस्टमास्तरांनी घसा खाकरला, पण त्यांच्याकडेही या वेळी मत नव्हतं. पैलवान चार पावलं मागे सरकला होता.

"माझ्यावर नाही," धाकटी शांतपणे म्हणाली. "जरा चुकलात सगळे. माझ्या उजवीकडे होता."

कुणाला त्यात काही वाटलं नाही. वाटणार तरी कसं? त्यांना ती फक्त म्होरकी, 'दुसरा कान' हे ते नुसतं कौतुक समजत. पण आवाज कुठून आला हे धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं. आणि तेही उजवीकडून, जिथं तिला कान नाही, जिथं मी उभी होते.

मी तिचा दंड पकडला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

४

त्याच दुपारी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. रविवारी तिथं चिटपाखरू नसतं. तपासणीची खोली म्हणजे खोलीत बसवलेली दुसरी खोली. जाड दार, भिंतींना मऊ गाद्या, आणि बाहेर बसलेल्या मला आतलं दिसावं म्हणून एक दुहेरी काच. दार लावलं की आत इतकी शांतता होते की काही पेशंट घाबरतात, स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो म्हणतात. धाकटी कधी घाबरली नाही. शाळेतून आली की ती याच खुर्चीत बसून डबा खायची, तेव्हा दवाखाना माझ्या सरांचा होता.

रीत सोपी आहे. मी बाहेरून सूर सोडायचे, तिनं ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, माझ्या टेबलावर दिवा लागतो. डावा कान नेहमीसारखा, मुंगीची पावलं ऐकणारा. उजव्या कानात मी हळू सोडला, मोठा सोडला, भिंत हादरेल इतका मोठा सोडला. दिवा नाही. मेलेला कान मेलेलाच.

मला हुश्श झालं. उगाच पराचा कावळा केला, असं म्हणत मी यंत्र बंद केलं आणि खुर्चीत मागे टेकले.

दिवा लागला.

मी यंत्राकडे बघितलं. बंद. पुन्हा दिवा लागला, जरा जास्त वेळ, आणि मग लगेच एकदा, तुटक. थोडं थांबून पुन्हा तसाच. काचेपलीकडे धाकटी डोळे मिटून बसली होती. मान उजवीकडे कललेली. चेहऱ्यावर असं काही की मला वाटलं, आपण बघू नये, हे आपल्यासाठी नाही.

मी धावत जाऊन दार उघडलं.

"काय गं! दार कशाला उघडलंस? गेला ना!"

"कोण गेला?"

"कोण म्हणजे? तोच, तळ्यावरचा."

"बंद खोलीत? मऊ गाद्यांच्या आड? वेडीबिडी झालीस का? मेंदूला आवाज मिळाला नाही की तो स्वतःच आवाज तयार करतो. माझे निम्मे पेशंट अशा शिट्ट्या ऐकतात."

"मग तळ्यावर तुम्हा सगळ्यांचा मेंदू एकदम शिट्ट्या वाजवत होता का?"

उत्तर सुचलं नाही की मी चिडते, ही माझी खोड. मी सांगून टाकलं की या मोसमात तळ्यावर जाणं बंद. ताई म्हणून सांगते, आईच्या जागी म्हणून सांगते. तिनं सगळं ऐकून घेतलं, खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

"एकच रविवार उरलाय, ताई. थंडी पडली. सगळे निघालेत. तोही जाईल."

"जाऊ दे ना मग. तू कशाला हवीस त्याला निरोप द्यायला?"

तिनं उजव्या कानावर बोटं ठेवली. "या बाजूला मला जन्मभर भिंत आहे. पहिल्यांदा तिकडून कुणीतरी माझ्याशी बोललं."

"मी बोलते की तिकडून! रोज बोलते!"

"बोलतेस," ती म्हणाली. तिला मला दुखवायचं नव्हतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "पण मला ऐकू येत नाही ना गं."

यावर मी रडले. उगाच कशाला लपवू? दवाखान्याची लाइट बंद करायच्या निमित्तानं तिकडे तोंड करून रडले.

५

तिला कोंडून ठेवता आलं असतं का? शहाणी माणसं मला हे नंतर विचारतील म्हणून आधीच सांगते. बाई चाळिशीला टेकलेली, स्वतः कमावती. कडी लावली तर ती खिडकीतून जाईल, आणि मग तिच्या उजवीकडे कुणीच नसेल. त्यापेक्षा मी बरोबर जाते, आणि या खेपेला डोळे मिटत नाही, असं मी ठरवलं. इतकी वर्षं आम्ही सगळे नेमके तेव्हाच डोळे मिटत होतो, जेव्हा बघायला हवं.

धुकं इतकं होतं की पंपघर दिसत नव्हतं. बेकरीवहिनींनी पाव आणले होते, पण पिशवी कुणी उघडली नाही. पाण्यावर बदकांची गर्दी होती, निघायच्या तयारीतली, एकमेकांना सतत काहीतरी सांगणारी. मी धाकटीला इतकी चिकटून चालत होते की आमचे खांदे घासत होते.

बांधाच्या मधोमध तिनं हात वर केला.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही. बदकं एकाएकी गप्प झाली.

दोन सूर आले. बोटं उठली. सगळ्यांची एकाच दिशेला, समोर पाण्यावर, लांब. मी तिकडे बघितलं. धुकं आणि पाणी. दुसरं काही नाही.

मग बोटं सरकायला लागली.

एकेकाचं नव्हे, सगळ्यांची एकदम, सारख्या गतीनं, डावीकडून उजवीकडे. पोस्टमास्तर, पैलवान, बेकरीवाला, त्याची बायको, सगळे डोळे मिटलेले, चेहरे झोपेतल्यासारखे, आणि हात तेवढे हळूहळू फिरतायत. कुणी चालत निघालं की आपण त्याच्याकडे बोट धरून ठेवू, तसे. पाण्यावर जिथं बोटं जात होती तिथली बदकं बाजूला होत होती. घाबरून नाही, उडून नाही. आपण दारातून कुणाला वाट देतो तशी नुसती बाजूला. त्यांच्यामधून एक रिकामी पट्टी बांधाकडे येत होती, आणि त्या पट्टीत पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

मनात मी भराभर बोलत होते. वारा असेल, पाण्याखाली मोठा मासा असेल, लोकांना एकमेकांच्या बाहीची हालचाल जाणवत असेल. माझं डोकं असलं काहीबाही पुरवत राहिलं आणि बोटं बांधावर आली. आता ती खाली झुकली होती, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बेकरीवहिनींचं बोट माझ्या छातीसमोरून वीतभर अंतरावरून गेलं. जराही थरथरत नव्हतं. मग सगळी बोटं थांबली.

माझ्या खांद्यावर नाही. धाकटीवर नाही. आम्हा दोघींच्या मधे, जिथं हात घालायलाही जागा नव्हती, तिथं.

धाकटीच्या उजव्या कानावर केसांची बट आली होती. ती बट उचलली गेली. अलगद उचलली गेली आणि कानामागे सारली गेली, कानात काही सांगायच्या आधी आपण एखाद्याचे केस सारतो तशी. वाऱ्याला असं नीट करता येत नाही.

तिनं डोळे मिटले. इतक्या वर्षांत बांधावर पहिल्यांदा. मान तिकडे कलली, तिनं काहीतरी ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "हो."

मी तिच्यावर झडप घातली. एका हातानं तिला छातीशी ओढलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या कानावर घट्ट दाबला. माझ्या तळव्याखाली, तळव्याच्या आणि कानाच्या मधे, काहीतरी हललं. ओठ हलतात तसं. मी हात काढला नाही. देवाशप्पथ सांगते, काढला नाही. ते आणखी थोडा वेळ हलत राहिलं, सावकाश, न घाबरता, आणि मग थांबलं.

मी वर बघितलं. सगळ्यांची बोटं आता आमच्यावर नव्हती. ती दक्षिणेकडे वळली होती, पंपघराच्या वर, उंच, आणखी उंच. मग एकेक हात खाली आला.

"गेला," पोस्टमास्तर म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसला.

बदकं पुन्हा बोलू लागली. धाकटी माझ्या मिठीतच होती, गरम, धडधडणारी, अख्खी. तिनं डोळे उघडले, हसली. "चल, भूक लागली," ती म्हणाली. मी तिचे पटापट मुके घेतले, सगळ्यांदेखत. पैलवान रडत होता आणि त्याला कारण सांगता येत नव्हतं.

६

घरी आलो. ती जेवली, झोपली, सोमवारी दुकानात गेली. त्या आवाजाचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. उजवीकडून मी बोलले तर तिला ऐकू येईना, हे बघून मला इतका आनंद झाला की मी बाजारातून तिच्यासाठी नवी चादर आणली. कुणाच्या बहिरेपणाचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

बुधवारी संध्याकाळी मी ओट्याशी लसूण सोलत होते. ती मागे टेबलाशी बसून दुकानातली गंमत सांगत होती. कुणी गिऱ्हाईक खोकल्याचं औषध कुत्र्यासाठी मागत होतं म्हणे. मी हसून "मग?" म्हणायला वळले, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

खिडकीत कुणी नव्हतं. टेबल दुसऱ्या बाजूला होतं. धाकटी तिथंच बसलेली, तिचे ओठ हलत होते. आवाज खिडकीतून येत होता.

मी स्वतःलाच फटकारलं. खिडकीची काच, आवाजाचा साधा टप्पा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझेच कान तपासले. तरण्या पोरीसारखे निघाले. संध्याकाळी मी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला आणि तिच्यासमोर बसून डोळे मिटले. "अशी काय बसलीस?" धाकटीनं विचारलं. विचारलं ते रस्त्यापलीकडून.

नंतर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून. नंतर त्याच्याही मागून, जिथं मोकळी मैदानं सुरू होतात. एकेका दिवसानं आवाज बारीक होत गेला, आणि ओठांच्या मागे पडत गेला. लांब पडलेली वीज आधी दिसते, गडगडाट मग येतो, तसं. आधी तिचे ओठ हलायचे, मग ती घास घ्यायची, पाणी प्यायची, आणि मग कुठून तरी दक्षिणेकडून यायचं, "ताई, मीठ कमी आहे." मी उत्तर द्यायची. तिला पोचावं म्हणून मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या की बहिणीचा दुसरा कानही गेला का हो?

समोर बसलेली मात्र बारीक आवाजातलंही ऐकत होती. ती मान डोलवायची, हसायची, जेवण झालं की ताटं उचलायची. दुकानात जायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, आणि तिकडे कुणाला काही खटकत नव्हतं. गर्दीत कोण डोळे मिटून ऐकतं? मीच रोज तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. तीच हनुवटी, तीच भुवई. माझीच बहीण. हिला काय विचारू? विचारलंच, तर उत्तर नक्की कोण देणार?

काल जेवताना ती गप्पच होती. तोंड मिटून घास चावत होती, नजर ताटात. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला पक्कं माहीत आहे की ती काही बोलली नाही. त्याआधीही बराच वेळ बोलली नव्हती.

आणि तेव्हा खूप लांबून, मैदानांच्याही पलीकडून, ऐकू येईल न येईल असा आवाज आला. दमलेला. रडवेला. तापात आईला हाक मारायची तसल्या सुरात.

"ताई... तुझा आवाज येतोय गं मला. पण कुठल्या बाजूनं, तेच कळत नाहीये."

मी ताट लोटून गच्चीवर धावले. "इकडे!" मी ओरडले. "इकडे गं, इकडे!" घसा फाटेपर्यंत ओरडले, आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या तरी ओरडले. खाली ती ताटं उचलत होती, भांड्यांचा आवाज येत होता. आणि इकडे म्हणजे कुठे, हे धाकटीला कसं सांगायचं, ते मला काही केल्या सुचेना.